सभापती आणि हळू बोलणारं केंद्र

रेडिओवरच्या बाईंनी 'नमस्कार' म्हटलं की सभापती 'जय भीम, बाई' म्हणायचे आणि मगच पुढचं ऐकायचे. मनातल्या मनात नव्हे; चांगलं खणखणीत, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. नमस्कार आणि पुढचं वाक्य यांच्या मधे बाई जी बारीकशी उसंत घेत, ती सभापतींच्या उत्तरासाठीच असते याबद्दल आम्हा गल्लीतल्या पोरांना तिळमात्र शंका नव्हती. नाहीतर एवढ्या शिकलेल्या बाई उगाच कशाला थांबतील?

सभापती हे त्यांचं नाव नव्हे, आणि ते कुठल्या निवडणुकीला उभे राहिल्याचंही मला आठवत नाही. रेडिओ केंद्राचा दिवस सभांमध्ये वाटलेला असतो. सकाळची पहिली सभा, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. आमच्या या काकांचा दिवसही तसाच वाटलेला होता. "पहिल्या सभेत येजो, दुसऱ्या सभेत मी नसतो," असं ते दूधवाल्याला सांगत. पोरीच्या लग्नाचा मुहूर्त काढायची वेळ आली तेव्हा पाहुण्यांसमोर म्हणाले, "तिसऱ्या सभेच्या आधी उरकून टाकू, म्हणजे बातम्या चुकत नाही कोणाच्या." ते जिथं कामाला होते त्या आऱ्यावरच्या कुणीतरी तेव्हापासून त्यांना सभापती म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांना असं बसलं, की पुढं त्यांचे जावईही कौतुकानं तेच म्हणायचे. काकूंना मात्र ते कधी आवडलं नाही. "सभापतीची बायको म्हणतात मले," त्या म्हणायच्या, "अन् घरात खुर्ची पाहा तं एकच!"

आमची गल्ली लकडगंजात, आरा मशीनच्या मागच्या अंगाला. आरा म्हणजे लाकूड कापायचं यंत्र. सागाचे ओंडके आत जात, पाट्या होऊन बाहेर येत, आणि मधल्या वेळात जो काय आवाज होई तो आमच्या भिंतींमध्ये मुरलेला होता. गल्लीतले निम्मे पुरुष त्या आऱ्यावर होते. आऱ्याच्या तोंडाशी दिवसभर काम केलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. तो घरी येऊन पाणी मागतो तेव्हा आग लागल्यासारखं मागतो. मग बायका तशाच बोलायला लागतात, मग पोरं. आमच्याकडे सांत्वनसुद्धा ओरडून करत. नवी सून आली की पहिले काही दिवस तिला वाटायचं, सासरचे सगळे आपल्यावर रागावलेत. मग एक दिवस तीही नळावर तशीच ओरडताना ऐकू यायची, आणि गल्ली म्हणायची, "चला, रमली पोरगी."

ओरडूनही भागत नसे तिथं हात होते. आऱ्यावर बोलणं ऐकू येत नाही म्हणून सगळा कारभार खुणांवर. पालथा तळहात म्हणजे थांब, वर केलेलं बोट म्हणजे आणखी थोडं सरकव, अंगठा ओठांशी नेला की चहा. या खुणा माणसांबरोबर घरी येत. सभापती जेवताना बोट वर करत, काकू भाजी वाढत. तळहात पालथा केला की वाढणं थांबे. परगावचा पाहुणा चकित होऊन बघत बसे. नवराबायकोचं एवढं जमलेलं त्यानं दुसरीकडं पाहिलेलं नसे.

अशा गल्लीत एकच जण हळू बोले, तो म्हणजे सभापतींचा रेडिओ. एकदा मी त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही एवढा रेडिओ काहून ऐकता?" ते म्हणाले, "दिवसभर आरा बोलते. घरी आलो का तुही काकू बोलते. हळू बोलणारं माणूस माह्या जिंदगीत एकच आहे, नंदे. त्याचं ऐकू नको का?" काकू आतून ओरडल्या, "मी ऐकून राहिली बरं!" सभापतींनी हाताचा तळवा पालथा केला आणि डोळे मिटून घेतले. ते नेहमी डोळे मिटूनच ऐकत, खुर्ची रेडिओकडे आणि पाठ घराकडे. काकूंची भांडीकुंडी, बडबड, तक्रारी सगळं त्या पाठीवर आदळून खाली पडायचं.

त्यांची आवडनिवडही त्यांच्यासारखीच. शेतकऱ्यांसाठीचा संध्याकाळचा कार्यक्रम ते कधी चुकवत नसत. चिमूटभर जमीन नव्हती, पण कपाशीवर कोणती अळी पडली आणि तिच्यावर काय फवारावं हे ते जीव लावून ऐकत. मी हसले तर म्हणाले, "ज्याच्या वावरात अळी पडली तो आज कुठं लग्नाले गेला असंल. उद्या चहाच्या ठेल्यावर भेटला तं मी सांगीन न त्याले." त्यांना तसा कुणी भेटल्याचं मी काही पाहिलं नाही. फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमात गाण्यापेक्षा फर्माइश करणाऱ्यांची नावं त्यांना महत्त्वाची वाटत. वरोऱ्याहून, तुमसरहून, काटोलहून कोण कोण गाणं मागतंय हे त्यांना ठाऊक असे, आणि एखादं कुटुंब बरेच दिवस दिसलं नाही तर ते चिंतेत पडत. "काटोलवाले आजारी पडले वाटते," ते म्हणत. श्रुतिका लागली की मात्र घरात शुकशुकाट हवा. त्यातल्या खलनायकाला ते दबक्या आवाजात शिव्या देत. दबका आवाज म्हणजे आमच्या गल्लीतला. चौकातल्या पानठेल्यावर कळे की नाटकात आता वाईट माणूस आला आहे.

पुढं एफएम आलं. सभापतींचा मुलगा विजय हिंगण्याला कारखान्यात लागला होता. त्याच्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर सकाळपासून तेच लावायचा, म्हणून त्यानं घरीही लावून दाखवलं. सभापतींनी थोडा वेळ ऐकलं. "हे पोट्टं बोलून राहिलं का पळून राहिलं?" त्यांनी विचारलं. "कोणी मागं लागलं का त्याच्या?" पण नवं म्हणून त्यांनी नाक मुरडलं नाही. एका स्टेशनवर रोज दुपारी एक मुलगी जुनी गाणी लावायची, आणि दोन गाण्यांच्या मधे आपल्या आईनं आज काय डबा दिला ते सांगायची. ती त्यांना आवडली. तिच्या डब्यात सलग भेंडीच आली तेव्हा ते अस्वस्थ झाले. "घरी काही बिनसलं असंल," म्हणाले.

मी रेडिओवर गेले ती त्यांच्यामुळे असं म्हटलं तर काकू रागावतील, कारण केंद्राची जाहिरात ज्या कागदात आली होती तो कागद त्यांनी भजी बांधून आमच्या घरी दिला होता. मी आवाजाची चाचणी दिली आणि तात्पुरती निवेदिका म्हणून महिन्यातून काही पाळ्या मिळू लागल्या. तात्पुरती म्हणता म्हणता केस पांढरे व्हायला आले. अजूनही तात्पुरतीच आहे. पहिल्या दिवशी गल्लीनं एवढ्या मोठ्यानं रेडिओ लावले, की आऱ्यावरच्या माणसांनी यंत्र बंद पडलं की काय म्हणून वळून पाहिलं म्हणे. मी घाबरत परतले. सभापती दारातच उभे होते. मला वाटलं, उच्चारांबद्दल काही म्हणतील. त्यांनी विचारलं, "तिथं चहा पाजतात का वं तुमाले?" पाजतात म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं पहिल्या सभेतल्या बाई उपाशीपोटी बोलतात की काय, ही त्यांच्या मनातली काळजी होती. "तिथं ओरडू नको," एवढं मात्र त्यांनी बजावलं. "ओरडायले इथं आम्ही आहो न सगळे."

मग माझं लग्न झालं, मी धरमपेठेत राहायला गेले, आई होती तोवर आठवड्याला एक चक्कर लकडगंजात व्हायची. सभापती आऱ्यावरून निवृत्त झाले. आता तिन्ही सभा त्यांच्या. सुखाचे दिवस म्हणायचे. आणि त्याच सुमारास त्यांची तक्रार सुरू झाली, की केंद्र हळू बोलतंय.

आधी त्यांनी सेल बदलले. मग पत्र्यावर तार नेऊन बांधली. मग रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उघडून, पुसून, "काका, मस्त वाजून राहिला," म्हणत परत दिला. तेव्हा सभापतींनी त्याच्या तोंडाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. विजयनं नवा रेडिओ आणला. तोही हळू. शेवटी त्यांचा निष्कर्ष ठरला, की दोष यंत्राचा नाही, माणसांचा आहे. मी गेले की मला समोर बसवून विचारत, "तुमाले तिथं कोणी रागावून राहिलं का? सगळे दबून बोलतात काहून? तू बी! मागल्या हप्त्यात तू काय बोलली, मले अर्धं समजलं नाही." मी ते हसण्यावारी न्यायची. पण गल्लीला त्यांचं पटत होतं. तेव्हा केंद्रावरचे आपले कार्यक्रम एकेक करून कमी होत होते, दुपारी भलत्याच गावचं काहीतरी जोडून दिलं जायचं, आमच्या पाळ्या घटत होत्या. लोक म्हणत, "सभापती बरोबर सांगून राहिले. हळूहळू आवाज कमी करतीन अन् एक दिवस बंद करून टाकतीन." मलाही ते ऐकून वाईट वाटे. म्हाताऱ्याच्या कानाआधी आम्हा सगळ्यांच्या मनात तो आवाज बारीक झाला होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

एक दिवस सभापती म्हणाले, "मले घेऊन चाल तिथं. मी सांगतो साहेबाले. माणूस बाहेरून सांगणार नाही तं या लोकायले कसं समजंल?" ते हट्टाला पेटले होते. ज्या केंद्रासाठी त्यांनी आयुष्यभर आपला दिवस कापून दिला, ते आता जाणार या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. काकूंनीच मला सांगितलं. मी परवानगी काढली आणि त्यांना घेऊन गेले. पांढरा सदरा, डोक्याला तेल, पायात विजयचे बूट. फाटकातून आत शिरताना ते बूट काढायला वाकले. मी थांबवलं म्हणून, नाहीतर ते आवारातून अनवाणीच चालले असते.

साहेब मिटिंगमध्ये होते. आम्हाला एका खोलीत बसवलं. केंद्रातल्या प्रत्येक खोलीत भिंतीवर एक स्पीकर असतो आणि त्यावर चालू कार्यक्रम सतत लागलेला असतो. आम्हाला त्याची इतकी सवय की पंख्यासारखा तो लक्षातही येत नाही. सभापती बरोबर त्याच्या खाली बसले. दुपारची सभा चालू होती. माझीच एक मैत्रीण आंब्याच्या लोणच्याची कृती सांगत होती, स्वच्छ, स्पष्ट, बाहेरच्या व्हरांड्यातसुद्धा ऐकू जात होती. सभापतींनी खोलीभर नजर फिरवली. टेबल, खुर्च्या, खिडकी, पुन्हा टेबल. मग माझ्याकडे झुकून, मोठ्या माणसाच्या घरातली उणीव दाखवताना माणूस जसा संकोचतो तसं विचारलं, "नंदे, हे लोक सोता इथं रेडिओ लावत नाही का वं?"

डोक्यावर मैत्रीण मोहरीची डाळ किती घ्यायची ते सांगत होती. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हटलं, "लावतात, काका." ते म्हणाले, "मग आज काहून बंद आहे?"

साहेब आले. भले गृहस्थ. सभापतींनी त्यांना गल्लीच्या आवाजात सांगितलं, की तुमची माणसं चांगली आहेत, त्यांना धाक दाखवू नका, मोकळं बोलू द्या. साहेब गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, तसे ते म्हणाले, "बरं, सांगतो त्यांना." सभापतींचं समाधान झालं. येताना रिक्षात ते हवेत होते. "बोललो म्हणून झालं पाह्य," म्हणाले. मी रस्ताभर बाहेर बघत होते. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

काकूंना मी मागच्या अंगणात गाठलं. कानाचं सांगितलं. त्या आधी हसल्याच. "बहिरे? अन् हे? काल मी यायच्या बहिणीचं बोलली तं सगळं समजलं बरं यायले!" मी म्हटलं, "काकू, आपण सगळे ओरडून बोलतो. वर हातानं दाखवतो. उरलेलं ते ओठांवरून समजून घेतात. एकटा रेडिओच ओरडत नाही अन् त्याला ओठ नाहीत." काकू हातातली चाळणी खाली ठेवून तिथंच ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "सालभऱ्यापासून मी बोलली का हे माह्या तोंडाकडं पाहतात. पाठ करून बसत नाही आता. मले वाटलं..." त्यांनी चाळणी पुन्हा उचलली. मग एकदम म्हणाल्या, "मले वाटलं, म्हातारपणी का होईना, आता माह्यं ऐकून राहिले."



विजयनं वडिलांना डॉक्टरकडे नेलं. आऱ्यानं इतकी वर्षं जे थोडं थोडं नेलं होतं ते परत येण्यासारखं नव्हतं. सभापतींनी ते कसं घेतलं? आधी रागावले, डॉक्टरही हळू बोलतो म्हणाले. मग रेडिओ बंद केला. मी भेटायला गेले तेव्हा रेडिओवर स्वच्छ फडकं घातलेलं होतं. आमच्यात माणूस गेल्यावर चेहऱ्यावर घालतात तसं मला वाटलं आणि मी ते काढून बाजूला ठेवलं. सभापती म्हणाले, "म्हणजे केंद्र चांगलं आहे?" मी मोठ्यानं, सावकाश म्हटलं, "चांगलं आहे, काका. अजून चालू आहे." ते म्हणाले, "हे बरं झालं. मले वाटलं तेच गेलं. मग ठीक आहे." खरंच सांगते, त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. आपलं काही गेलं तर चालेल, ते राहिलं पाहिजे, असा तो माणूस होता.

कानात घालायचं मशीन आलं. ते लावून दिलं तेव्हा आम्ही सगळे भोवती जमलो होतो. काकू म्हणाल्या, "ऐकू येऊन राहिलं का जी?" सभापती दचकून मागं सरले आणि म्हणाले, "तू एवढी ओरडतेस काहून वं?" गल्ली लोटपोट हसली; काकू दोन दिवस फुगून होत्या. पण रेडिओपुढं ते मशीन कामी येईना. पंख्याची घरघर, भांडी, आऱ्याची किरकिर, सगळं एकदम कानात शिरायचं आणि त्या गर्दीत रेडिओवरची बाई हरवून जायची. थोडे दिवस त्यांनी नेटानं लावलं. मग काढून डबीत ठेवलं. "आवाज येते," ते मला म्हणाले, "माणूस येत नाही."

मग काकूंनी जे केलं ते त्यांना कुणी सुचवलं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी रेडिओ आपल्याजवळ ओढला, सभापतींची खुर्ची आपल्याकडे फिरवली, आणि रेडिओला कान लावून बसल्या. बातम्या झाल्या. सभापती वाट बघत होते. काकू ओरडल्या, "काही विशेष नाही!" सभापती भडकले. "एवढा वेळ ती बाई बोलून राहिली, अन् काही विशेष नाही?" काकू म्हणाल्या, "मंत्री आले अन् मंत्री गेले. तुमचं काय अडलं त्याच्याशिवाय?"

पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बसल्या. हळूहळू त्यांना जमू लागलं. म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. ज्या बाईनं जन्मभर रेडिओला सवत म्हटलं, तीच आता तिन्ही सभा बसू लागली. शेतीच्या कार्यक्रमात अळी पडली की त्या बोट वळवळवून दाखवत. फर्माइशीत गावांची नावं सांगत. गाणं त्यांना गाता येत नसे म्हणून म्हणत, "थे जुनं, नदीकाठचं लागलं," आणि सभापती मांडीवर ठेका धरत. ठेका कधी बरोबर असे, कधी भलत्याच गाण्याचा. श्रुतिका सांगताना काकू मधेच त्यातल्या सासूची बाजू घेत आणि शेवट आपल्याला हवा तसा करून टाकत. डब्यातल्या भेंडीवालीचं लग्न ठरलं हेही त्यांनीच सांगितलं. ते खरं होतं की काकूंनीच ठरवून टाकलं, कोण जाणे. माझी पाळी असली की म्हणत, "आज नंदी आहे. सर्दी झाली तिले. काढा घे म्हणा." आणि खरंच मला सर्दी झालेली असायची.

अर्थात हे सगळं गल्लीच्या आवाजात. त्यामुळे झालं असं, की ज्यांनी कधीच रेडिओ बंद करून टाकला होता त्या घरांनाही आता बातम्या मिळू लागल्या. पोरं मोबाइल बघता बघता ओरडून विचारत, "काकू, उद्या पाऊस म्हणते का?" माझा आवाज आता फोनवरून परदेशातही ऐकू जातो असं केंद्रात कौतुकानं सांगतात. आमच्या गल्लीत मात्र तो काकूंच्या तोंडूनच जाई, थोडी चटणी लागून. सभापती म्हणायचे, "केंद्र चांगलं आहे, पण ही बाई मसाला जास्त टाकते." हे म्हणताना ते हसत असायचे आणि नजर काकूंच्या चेहऱ्यावरून हलत नसे. हलवून चालणारच नव्हतं. निधनाच्या बातम्या काकू गाळत. हे सभापतींच्या ध्यानात आलं होतं. एकदा मला म्हणाले, "आजकाल कोणी मरत नाही वं तुमच्याकडं. लय चांगलं चाललं आहे." काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारची सभा चालू होती आणि काकू तिळाच्या चटणीचं सांगत होत्या. मधेच सभापतींनी डोळे मिटले. काकूंना वाटलं, चटणी आवडत नाही म्हणून मुद्दाम मिटले. नको ते ऐकायचं नसलं की अलीकडे ते तसंच करत. त्यांनी रागानं गुडघा हलवला. मग समजलं. विजय हिंगण्याहून येईपर्यंत त्या तशाच समोर बसून होत्या, आणि रेडिओ बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

मला त्या दिवशी तिसऱ्या सभेची पाळी होती. बदली माणूस मिळेना म्हणून मी बसले. नेहमीचंच बोलले. तापमान सांगितलं, गाणी लावली. कुणाला काही कळलं नसेल.

परवा लकडगंजात गेले होते. आरा आता शहराबाहेर हलवायचं चाललंय, अर्ध्या पाट्या गेल्यात, आणि गल्ली एवढी शांत की स्वतःच्या चपलांचा आवाज येतो. काकूंच्या घरात रेडिओ चालू होता. जवळ ओढलेला, आणि त्या त्याच्याजवळ आपल्या जागेवर. मी बसले. निवेदिकेनं कुठल्याशा गावाहून आलेली फर्माइश वाचली. काकूंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि परत मिटलं.

मी म्हटलं, "काकू, बरं वाटत नसेल तर बंद करू?"

"नाही वं, राहू दे. चांगलं लागते," त्या म्हणाल्या. हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला पुढं झुकावं लागलं. गाणं संपलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "नंदे, तुमी लोक त्या खोलीत बसून बोलता. समोर कोणी नसते, तोंडाकडं पाहणारं कोणी नसते. मग कसं बोलता वं? मले सांग न."

इतकी वर्षं मी त्या खोलीत बसून बोलतेय. मी उठून सभापतींच्या खुर्चीत बसले आणि काकूंच्या तोंडाकडे पाहिलं.